इंजिन बदललेली गाडी का तापते? निदानाचा क्रम आणि उपाय

जुन्या गाडीत दुसरे इंजिन बसवण्याची परंपरा आपल्या देशात नवी नाही. काही वेळा तर ती कारखान्यातूनच आली आहे. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये मुळात २.२ लीटरचे पेट्रोल इंजिन असे. पुढे कंपनीनेच त्या जागी प्यूजोच्या आराखड्यावरचे २.१ लीटरचे डिझेल इंजिन बसवले. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसीच्या इंजिनासह आली आणि १९९६ मध्ये तिला १२९८ सीसीचे इंजिन मिळाले. अॅम्बेसेडरमध्ये १.५ लीटरच्या जुन्या इंजिनाऐवजी इसुझूचे १.८ लीटरचे इंजिन आले, तेही हिंदुस्थान मोटर्सच्याच हातून. कारखान्यात असा बदल होतो तेव्हा रेडिएटर, पंखा, नळ्या आणि तापमापक यांचाही नव्याने विचार होतो. गॅरेजमध्ये होणाऱ्या बदलात मात्र सारे लक्ष इंजिन चौकटीत बसते की नाही आणि गिअरबॉक्सशी जुळते की नाही याकडेच असते. शीतकरणाचा विचार सर्वांत शेवटी होतो, किंवा होतच नाही.

परिणाम ठरलेला असतो. पणजी ते म्हापसा गाडी निमूट धावते. चोर्ला किंवा अनमोड घाट चढू लागली की काटा लाल पट्ट्याकडे सरकतो. गॅरेजमध्ये कधी थर्मोस्टॅट काढून टाकतात, कधी मोठा रेडिएटर सुचवतात, कधी पंखा बदलतात. खर्च होत राहतो, दोष तसाच राहतो आणि एखाद्या दिवशी हेड वाकून संपूर्ण इंजिनच उतरवावे लागते. हे टाळायचे तर सुटे भाग बदलण्यापूर्वी निदान हवे, आणि निदानाला क्रम हवा. तो क्रम येथे दिला आहे.

उष्णतेचा हिशेब

इंधनातून मिळणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत जाणाऱ्या कामात खर्च होतो, एक तृतीयांश धुरावाटे बाहेर पडतो आणि उरलेला एक तृतीयांश शीतकरणाच्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. म्हणजे इंजिन जितकी शक्ती देते, जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरने हवेत सोडायची असते. ७० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे ५० किलोवॅटचे इंजिन पूर्ण जोरात चालत असेल तर रेडिएटरवर ५० किलोवॅट उष्णतेचा भार येतो. घरातले दोन किलोवॅटचे पंचवीस गीझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे ते आहे.

ही उष्णता वाहून नेताना पाणी रेडिएटरमध्ये आठ अंशांनी थंड होते असे धरले, तर मिनिटाला सुमारे ९० लीटर पाणी फिरावे लागते. रेडिएटरमधून जाणारी हवा ३५ अंशांनी तापते असे मानले, तर सेकंदाला सव्वा घनमीटरच्या आसपास हवा जाळीतून गेली पाहिजे. यांपैकी एक जरी कमी पडले तरी तापमान चढणारच. निदानाचे सारे सूत्र या हिशेबात आहे: उष्णता प्रमाणाबाहेर निर्माण होते आहे की पाणी कमी फिरते आहे, की हवा कमी जाते आहे, एवढेच शोधायचे असते.

सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरने जाताना इंजिन आपल्या पूर्ण शक्तीचा लहानसा अंशच वापरते. म्हणूनच अपुरा रेडिएटर गावात उघडा पडत नाही. घाटात वेग कमी, भार पूर्ण आणि समोरून येणारी हवा थोडी, अशी तिहेरी परीक्षा होते.

पहिली पायरी: गाडी खरोखरच तापते का?

इंजिन एका गाडीचे आणि डॅशबोर्डवरचा काटा दुसऱ्या गाडीचा, अशी जोडी बदललेल्या गाड्यांत सर्रास आढळते. इंजिनावरच्या तापमान संवेदकाचा विद्युतरोध तापमानाबरोबर बदलतो आणि काटा त्यानुसार हलतो. पण कोणत्या रोधाला काटा कुठे थांबावा हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. जोडी जुळली नाही तर ८५ अंशांवरच काटा लाल पट्ट्यात जाऊ शकतो, किंवा ११० अंशांवरही मध्यावर स्वस्थ राहू शकतो. दुसरी शक्यता अधिक घातक.

पडताळणी अवघड नाही. संवेदक काढून त्याला तार जोडावी, त्याच्या धातूच्या अंगापासून गाडीच्या अर्थपर्यंत दुसरी तार न्यावी आणि त्याचे टोक उकळत्या पाण्यात बुडवावे. गोव्याच्या किनारपट्टीवर, समुद्रसपाटीला, उघडे पाणी १०० अंशांना उकळते. काटा ज्या जागी थांबेल ती १०० अंशांची जागा. तिथे लहानशी खूण करून ठेवावी. काटा आणि संवेदक एकाच संचातले घेणे हा यावरचा कायमचा उपाय.

अर्थिंगही तपासावे. दिवे लावले किंवा इंडिकेटर दिला की काटा सरकत असेल तर दोष पाण्यात नाही, तारांत आहे. एकच तार असलेला संवेदक आपल्या आट्यांतून इंजिनाला अर्थ होतो. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी जाड गुंडाळली की हा मार्ग तुटतो आणि बहुतेक संवेदकांच्या बाबतीत काटा प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवतो. नव्या इंजिनाला चौकटीशी जोडणारी जाड अर्थ पट्टी बसवायची राहून जाणे, ही तर या कामातली नेहमीची चूक आहे.

इन्फ्रारेड तापमापक हाताशी असल्यास थर्मोस्टॅटच्या घराजवळचे तापमान मोजावे. मात्र चकाकत्या अॅल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचा, बहुधा कमी आकडा देते. मोजायच्या जागी कागदी चिकटपट्टी लावावी किंवा काळ्या रंगाचा ठिपका द्यावा आणि तिथेच मोजावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी फार कमी झाले तर संवेदक पाण्याबाहेर, वाफेत राहतो आणि काटा अचानक खाली येतो. चढलेला काटा कारणाशिवाय उतरला तर तो दिलासा नव्हे, ताबडतोब थांबण्याची सूचना आहे.

दुसरी पायरी: पाणी, टोपी आणि दाब

पुढची तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. गरम रेडिएटरची टोपी उघडू नये. दाबाखालचे पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळत नाही. टोपी उघडताच दाब जातो, पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर व हातांवर येते. कापड धरून हळूच उघडण्याची युक्तीही सुरक्षित नाही.

रेडिएटरची टोपी म्हणजे निव्वळ झाकण नव्हे, दाब राखणारी झडप आहे. सुमारे ०.९ बार, म्हणजे १३ पौंडांच्या टोपीखाली शुद्ध पाणी ११९ अंशांच्या आसपास उकळते. निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण त्याहूनही वर. जुन्या गाड्यांच्या टोप्या बहुधा ४ ते ७ पौंडांच्या असत. नवे इंजिन जास्त दाबासाठी रचलेले आणि टोपी मात्र जुन्या रेडिएटरची असेल, तर पाणी अपेक्षेपेक्षा लवकर उकळते. उलट, डाग दिलेल्या जुन्या पितळी रेडिएटरवर १५ पौंडांची टोपी चढवली तर त्याचे सांधे फाटू शकतात. टोपीचा दाब रेडिएटर व नळ्यांच्या ताकदीनुसार ठरवावा आणि रेडिएटर इंजिनाच्या गरजेनुसार.

टोपीत दुसरी, आत उघडणारी छोटी झडप असते. गाडी थंड होताना ती बाहेरच्या टाकीतले पाणी परत आत घेते. ती अडकली तर थंड झाल्यावर वरचा होस पाईप चपटा झालेला दिसतो. अशी टोपी बदलावी. तिची किंमत थोडी असते.

यानंतर हातपंपाने टोपीवर लिहिलेल्या दाबाइतका दाब देऊन दहा मिनिटे थांबावे. दाब उतरला आणि बाहेर कुठेही थेंब दिसला नाही, तर पाणी आतल्या बाजूला जात आहे असा संशय धरावा.

तिसरी पायरी: हेड गॅस्केट शाबूत आहे का?

इंजिन बदललेल्या गाडीत बसवलेले इंजिन बहुधा भंगारबाजारातून आलेले असते. आधीच्या गाडीत ते कधी तापले होते का, हे विकणारा सांगत नाही. म्हणून बाहेरच्या गोष्टींवर खर्च करण्यापूर्वी ही शंका निकालात काढावी.

खुणा अशा: थंड इंजिन सुरू केल्यावर पाणी कोमट होण्याआधीच वरचा होस कडक होणे, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत राहणे, धूर पांढरा आणि गोडसर वासाचा असणे, ऑइल दुधाळ होणे, थेंबभर गळती नसताना पाणी रोज कमी होणे. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची चाचणी उपलब्ध आहे. रेडिएटरच्या तोंडावरची हवा या द्रावणातून ओढली जाते. तिच्यात ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा, डिझेल इंजिनात हिरवट, होतो. चाचणी दोष दाखवत असेल तर मोठा रेडिएटर बसवूनही उपयोग नाही. हेड उतरवून त्याची सपाटी तपासणे हाच मार्ग.

चौथी पायरी: केव्हा तापते?

येथवर सारे ठीक असेल, तर गाडी कोणत्या स्थितीत तापते याची नोंद ठेवावी. चार-पाच दिवसांची साधी टिपणे महागड्या यंत्रापेक्षा अधिक सांगतात.

* सिग्नलला किंवा गर्दीत तापते, वेग घेतला की उतरते: हवा कमी पडते. पंखा, त्याचे आवरण, पंख्याची दिशा, पंख्याचा स्विच पाहावा.
* गर्दीत ठीक, पण महामार्गावर तापते: पाणी कमी फिरते, रेडिएटर अपुरा किंवा आतून बुजलेला आहे, खालचा होस आत ओढला जातो, अथवा हवेला बाहेर पडायला वाट नाही.
* फक्त घाटात तापते: रेडिएटरची क्षमता, पंख्याची ताकद आणि इंजिनाचे टायमिंग, तिन्ही तपासावीत.
* सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापते: अडकलेला थर्मोस्टॅट, पाण्यात राहिलेली हवा, उलट फिरणारा पंप किंवा गॅस्केट.
* एसी लावला की तापते: एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो आणि रेडिएटरला आधीच गरम झालेली हवा मिळते. पंख्याची ताकद तेवढी वाढवलेली नसते.

पाण्याचा मार्ग

*अडकलेली हवा.* बदललेल्या इंजिनाचे डोके अनेकदा जुन्या रेडिएटरच्या टोपीपेक्षा उंच येते. हवा वर जाते, म्हणजे ती हेडमध्ये, नेमकी सर्वांत तापणाऱ्या जागी साठते. अशा गाडीत रेडिएटर काठोकाठ भरलेला दिसतो, तरी हेड कोरडे असते. उपाय म्हणजे संपूर्ण यंत्रणेत सर्वांत उंच जागी दाब धरणारी टाकी बसवणे, टोपी तिच्यावर ठेवणे आणि हेडच्या उंच बिंदूपासून तिच्यापर्यंत बारीक नळी नेणे. पाणी भरताना गाडीचे नाक चढावर ठेवावे, हीटर असल्यास तो पूर्ण उघडावा, हळूहळू भरावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात पातळी पुन्हा पाहावी. थर्मोस्टॅटच्या चकतीवर हवा जाण्याचे छिद्र नसेल तर सुमारे ३ मिलिमीटरचे एक छिद्र वरच्या बाजूस पाडावे.

*थर्मोस्टॅट.* "आपल्याकडे थंडी कुठे आहे, काढून टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. पाणी गरम झाल्यावर एक चकती रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी दुसरी चकती पाणी इंजिनातच फिरवणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की आडवाट कायमची उघडी राहते. पाण्याचा मोठा भाग रेडिएटरकडे न जाता तसाच गरम परत येतो, आणि थंड करण्यासाठी केलेला उपायच गाडी तापवतो. बसवलेल्या इंजिनाला ठरलेला, ठरलेल्या अंशांचा थर्मोस्टॅटच वापरावा. नवा असला तरी बसवण्यापूर्वी पातेल्यात पाणी तापवून तो कधी उघडतो ते पाहावे.

*हीटरच्या नळ्या.* जुन्या जीपमध्ये हीटर नसतो, म्हणून नव्या इंजिनाची हीटरची दोन्ही तोंडे बुच मारून बंद केली जातात. काही इंजिनांत थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी याच वाटेने पोहोचते. तोंडे बंद केली की थर्मोस्टॅट उशिरा उघडतो आणि तोपर्यंत हेड तापलेले असते. अशा इंजिनात ती तोंडे बंद न करता एका होसने एकमेकांना जोडावीत.

*पंपाची दिशा.* सपाट, अनेक खाचांचा पट्टा आणि व्ही आकाराचा पट्टा यांच्या मांडणीत फरक असतो. पट्ट्याच्या पाठीवर फिरणारा पंप उलट दिशेने फिरतो आणि त्याची आतली पाती त्या दिशेसाठीच घडवलेली असतात. एका मांडणीचा पंप दुसऱ्या मांडणीत बसवला तर बाहेरून सारे सुरळीत दिसते, आत मात्र पाणी जेमतेम हलते. पट्ट्याची वाट मूळ इंजिनाच्या आकृतीशी ताडून पाहावी. जागेअभावी पुली बदलली असल्यास पंपाचा वेग कमी झाला नाही ना, हेही मोजावे.

*खालचा होस.* रेडिएटरकडून पंपाकडे जाणाऱ्या होसमध्ये पंप पाणी ओढत असतो. दोन-तीन तुकडे जोडून केलेला किंवा मऊ होस जास्त फेऱ्यांना चपटा होतो. त्याच्या आत तारेची स्प्रिंग हवी. इंजिनाच्या फेऱ्या वाढवून होसकडे नजर ठेवली की हा दोष डोळ्यांना दिसतो. हात मात्र पंखा आणि पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

*रेडिएटर.* गरम इंजिनात रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी तापमान मोजावे. मध्येच थंड पट्टे आढळले तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याच्या तापमानात फारच मोठा फरक असेल तर पाणी संथ फिरते. फरक अगदी थोडा आणि दोन्ही तापमाने चढी असतील तर हवा कमी पडते. नवा रेडिएटर निवडताना जाडीपेक्षा समोरचे क्षेत्रफळ आधी पाहावे. जाड जाळीतून हवा ओढायला जोरकस पंखा लागतो; तो नसेल तर जाडी वाया जाते.

हवेचा मार्ग

पंखा योग्य दिशेने हवा ओढतो का, हे पाहायला कागदाचा ताव पुरेसा आहे. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरावा. तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. विजेच्या पंख्याच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर तो समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडतो आणि गाडी वेगात तापते.

आवरण नसलेला पंखा जाळीच्या त्याच्यासमोरच्या गोल भागातूनच हवा ओढतो; कोपरे निरुपयोगी राहतात. संपूर्ण जाळी झाकणारे पत्र्याचे आवरण बसवल्यास तोच पंखा कितीतरी अधिक काम करतो. इंजिनावर फिरणाऱ्या पंख्याची पाती आवरणात साधारण निम्मी आत आणि निम्मी बाहेर असावीत. रेडिएटरच्या कडेच्या फटी रबराने किंवा पत्र्याने बंद कराव्यात. अन्यथा इंजिनाकडची गरम हवा पुढे वळून पुन्हा जाळीत शिरते.

हवा आत येणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिचे बाहेर पडणे. मोठे इंजिन लहान खोलीत कोंबले की मागची वाट बंद होते. मग काहीजण बॉनेटची मागची कड उचलून ठेवतात. उभ्या गाडीत त्याने थोडी गरम हवा निघते. वेगात मात्र समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो आणि तिथून हवा उलट आत येऊ शकते. बॉनेटच्या पुढच्या-मधल्या भागात जाळ्या पाडणे अधिक उपयोगी. टर्बो इंजिनाचा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे लावला असेल तर त्याचाही अडथळा हिशेबात धरावा.

विजेच्या पंख्याला स्वतंत्र रिले, फ्यूज आणि पुरेशी जाड तार हवी. बारीक तारेत व्होल्टेज पडते आणि पंखा मंदावतो. पंखा देणारी हवा त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात कमी होते. जुना अल्टरनेटर पंखा, दिवे आणि वायपर यांचा भार पेलतो का, हे पावसाळ्यापूर्वी पाहावे. पंखा चालू होण्याचे तापमान थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा काही अंश जास्त ठेवावे. कमी ठेवल्यास पंखा अखंड चालत राहतो.

चिखलात जीप चालवणाऱ्यांनी जाळी मागच्या बाजूने, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याने पातळ पट्ट्या वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

उष्णतेची निर्मिती

पाणी आणि हवा दोन्ही ठीक असतील तर दोष ज्वलनात आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी उशिरा पडली किंवा डिस्ट्रिब्यूटरची निर्वात नळी जोडायची राहिली, तर ज्वलन लांबते आणि हेडला जास्त उष्णता मिळते. इंधन-हवेचे मिश्रण पातळ झाले तरी तेच. डिझेल इंजिनात पंपाचे टायमिंग आणि वाजवीपेक्षा जास्त सोडलेले इंधन तपासावे. अवजड गाडी, मोठी चाके आणि हलके इंजिन या संगतीत इंजिन सतत पूर्ण भारावर चालते. तिथे रेडिएटरपेक्षा गिअरचे गुणोत्तर सुधारणे शहाणपणाचे ठरते.

कोणते पाणी भरावे?

विहिरीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी त्यात क्षार, लोह किंवा आम्लता असू शकते. क्षारांचा थर उष्णता अडवतो. आम्लतेने अॅल्युमिनियमचे हेड खाल्ले जाते. शुद्ध, क्षारविरहित पाणी आणि इंजिनाला चालणारे कूलंट यांचेच मिश्रण वापरावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको, हा समज अपुरा आहे. त्यातली गंजरोधक द्रव्ये हा त्याचा येथला मुख्य उपयोग. मात्र ग्लायकॉल जितके जास्त तितकी मिश्रणाची उष्णता वाहण्याची क्षमता कमी, म्हणून प्रमाण निम्म्याच्या वर नेऊ नये. वेगवेगळ्या रंगांची व जातींची कूलंट एकत्र करू नयेत.

घाटात काटा चढला तर

एसी बंद करावा. हीटर असेल तर पूर्ण जोरात लावावा. उकाडा होईल, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे. खालचा गिअर टाकून भार हलका करावा. काटा चढतच राहिला तर सुरक्षित जागी थांबावे. पाणी शाबूत असेल आणि वाफ नसेल तर इंजिन किंचित वाढीव फेऱ्यांवर चालू ठेवावे, म्हणजे पंप व पंखा काम करत राहतील. वाफ दिसली, पाणी वाहून गेले किंवा काटा लाल पट्ट्यात शिरला तर इंजिन लगेच बंद करावे. टोपी उघडण्यापूर्वी किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा आणि वरचा होस हाताला मऊ व गार लागतो याची खात्री करावी. तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नये; हेडला तडा जाण्याचे ते नेमके निमित्त ठरते.

दुरुस्तीनंतरची परीक्षा

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच वेळी, तितक्याच भाराने गाडी चालवून तापमान नोंदवावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही, आणि दोष पुन्हा उद्भवल्यास पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. उभ्या गाडीत वीस मिनिटे, सपाट रस्त्यावर अर्धा तास आणि शेवटी एक घाट, अशा तीन परीक्षांत तापमान थर्मोस्टॅटच्या अंशांच्या आसपास स्थिरावले तरच काम पुरे झाले असे म्हणावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. इंजिनाचा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावर असतो आणि विम्याचा दावा तपासताना तो पाहिला जातो. म्हणून वाहतूक खात्याची परवानगी घेण्याचे काम इंजिन उतरवण्यापूर्वीच करावे. कोणते इंजिन मान्य होईल हे आधी कळले, तर त्या इंजिनाला साजेसा रेडिएटर, पंखा आणि तापमापक एकत्रच घेता येतात, आणि शीतकरणाचा विचार शेवटी करण्याची वेळ येत नाही.